मामाच्या श्वासाला आवळासुपारीचा वास

"काका, तुमच्या या मामाला माहीत असतं का हो, की आपण थापा मारतोय?"

जुईने एका दमात विचारून टाकलं आणि तिच्या खिशातल्या फोनमधून खुसखुस ऐकू आली. ऋत्वी आणि महेक लाइनवर होत्या. पैज त्यांचीच होती. उंदरांसाठी घरी येणाऱ्या माणसाला, आईसमोर, अजिबात न हसता हा प्रश्न विचारायचा. वर्षापूर्वीची जुई असती तर स्वयंपाकघरात जाऊन दडली असती. रिक्षावाल्याला ‘इथं थांबवा’ म्हणायलाही जिची जीभ टाळूला चिकटायची, तीच ही. पण आता दातांवरची तार निघाली होती, जानेवारीत जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेची ढाल तिने घरी आणली होती, आणि नववी ‘ब’ मध्ये तिला विचारल्याशिवाय एक बाक इकडचा तिकडे होत नव्हता.

शिकलगारकाकांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या पेटीचा खटका उघडत ते म्हणाले, "यंत्राला काय कळतंय पोरी? त्याला काय बी माहीत नसतं. माहीत आम्हाला असतं."

खिशातली खुसखुस थांबली.

पेटीत कापसावर एक उंदीर झोपला होता. राखाडी, वीतभर शेपटीचा, मिशा हलणारा. आई दोन पावलं मागे सरकली. काकांनी त्याला बोटाने उलटा केला, तेव्हा पोटावरची बारीक शिवण दिसली. नाकाच्या टोकाशी सुईने टोचल्यासारखी दोन छिद्रं होती. कंपनीने त्याचं नावच ‘मामा’ ठेवलं होतं. लहान पोरं उंदीरमामा म्हणतात म्हणून. "आणि सगळ्यांना मामा बनवतो म्हणून," असं महेक आधीच म्हणून चुकली होती.

"ते... आणलंय ना तुम्ही?" आईने आवाज खाली आणून विचारलं.

"काय ते?"

"तेच हो." आईने भुवयांनी कपाटाखाली खूण केली.

"औषध?"

"हळू!" आईने दाराकडे पाहिलं, जणू कुणी कान लावून बसलंय. "आमच्या मामंजींचा शिरस्ता होता. मामांपुढे त्याचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की तोंड लावत नाहीत. म्हणायचे, हळू बोला, मामा ऐकतात."

काका मनापासून हसले. "ऐकतात हो, सगळं ऐकतात. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकतात. पण वहिनी, त्यांना मराठी येत नाही!"

सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणणारी सांगलीतली बहुधा ही शेवटची सून असावी. मामंजी, म्हणजे जुईचे आजोबा, जाऊन चौदा महिने झाले होते. खालच्या खोलीत आईचा पापड-शेवयांचा उद्योग होता. मालनमावशी आणि आणखी तिघी कामाला, गच्चीवर फेब्रुवारीचं कडक ऊन, आणि भिंतीवर शेवयांच्या यंत्राच्या वर आजोबांचा फोटो, कारण ते यंत्र त्यांनीच आणलं, त्यांनीच बसवलं. हळदीची गोदामं पाठीला असलेल्या या कॉलनीत उंदीर नवे नव्हते. पण घरगुती अन्नउद्योगांचे नियम आता कडक झाले होते. शनिवारी तपासणी होती. त्याआधी ‘उंदीरमुक्त’ दाखला हातात नसेल तर खोलीला कुलूप, आणि वाळवणाचा हंगाम वाया.

म्हणून मामा.

काकांनी तो कसा काम करतो ते चहा पिता पिता सांगितलं. जुईने ते इतक्या मन लावून ऐकलं, की दुसऱ्या दिवशी वर्गात तिने फळ्यावर आकृती काढून तेच जसंच्या तसं शिकवलं.

उंदीर फार भित्रा आणि फार हुशार. नवी वस्तू दिसली की आधी नुसता तिच्याभोवती फिरतो. मग कणभर चाखतो आणि थांबतो. पोट जरा जरी बिघडलं तरी त्या वस्तूला जन्मात पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून गोळ्या, लाडू, वड्या, सगळं काही दिवसांत निकामी ठरतं. पण त्याचा एक हळवा कोपरा आहे. बाहेरून खाऊन आलेल्या उंदराच्या तोंडाला बाकीचे नाक लावतात. तोंडाला दाण्याचा वास आला, एवढ्यावर त्यांचं भागत नाही. त्या वासाबरोबर श्वासही हवा. जिवंत उंदराच्या श्वासात कार्बन डायसल्फाईड नावाचा वायू अगदी किंचित असतो. दाण्याचा वास अधिक तो वायू म्हणजे आपल्यातल्या कुणीतरी हे खाल्लंय आणि तो जिवंत परत आलाय. झालं, मग ते डोळे मिटून खातात. संशोधकांनी तर असंही पाहिलंय, की सांगणारा उंदीर स्वतः आजारी दिसत असला तरी बाकीचे त्याच्या श्वासावर विश्वास ठेवतात.

मामाच्या नाकातल्या त्या दोन छिद्रांतून तोच श्वास येतो. पोटात उबेची पट्टी, अंगावर बिळातला वास, आणि वागणं अस्सल. पहिले काही तास तो बिळात जाऊन फक्त झोपतो. मग खेळतो. जवळ ठेवलेलं चांगलं खाणं खाल्ल्याचं श्वासातून सांगतो. ते खरंच चांगलं असतं.

"तीन दिवस खरं," काका कप खाली ठेवत म्हणाले. "चौथ्या दिवशी त्यात औषध. झोप लागते. दुखत-बिखत नाही काही."

*

काकांनी दिलेल्या पडद्यावर मामाच्या डोळ्यांतून दिसणारं सगळं साठत जायचं. रात्रीचं चित्रण जुई सकाळी दात घासता घासता बघायची. सोमवारी सकाळी तिने टूथब्रश तोंडात तसाच ठेवून किंकाळी फोडली.

"आई, हे हसतायत!"

उंदीर हसतात, हे तिला माहीत नव्हतं. खेळात पोटाला, मानेला गुदगुल्या झाल्या की हसतात, पण त्यांचं हसू आपल्या कानांच्या पल्याड असतं. आपलं ऐकणं सेकंदाला वीस हजार कंपनांशी संपतं, त्यांचं हसू पन्नास हजारांवर चालतं. पडद्यावरचं एक बटण ते खाली ओढून आपल्या कानांत बसवायचं. मामा पिल्लांना नाकाने ढकलत होता, उलटं पाडत होता. सहा पिल्लं पुन्हा पुन्हा उठून त्याच्या अंगावर येत होती, आणि खोलीभर पाण्यातून बुडबुडे फुटावेत तसा आवाज भरला होता.

जुईने त्याचा बारा सेकंदांचा तुकडा कापून ऋत्वीला पाठवला. ऋत्वीने महेकला, महेकने सगळ्या वर्गाला. मंगळवारी दुपारपर्यंत नववी ‘ब’ मधल्या प्रत्येक मनगटी घड्याळाची रिंग तीच होती. ‘मामाचा हशा’ असं नावही पडलं. भूगोलाच्या तासाला एकाच वेळी चार घड्याळं हसली आणि सरांनी हातातला नकाशा टेबलावर आपटला. जुईला तेव्हा स्वतःचा इतका अभिमान वाटला, की मधल्या सुट्टीत तिने डब्यातलं निम्मं थालीपीठ न मागता वाटून टाकलं.

मंगळवारी संध्याकाळी घरी येऊन तिने उरलेलं चित्रण लावलं आणि तिचा हात पडद्यावर तसाच थांबला.

पिल्लांच्या मागे, कोपऱ्यात, एक म्हातारी मादी बसली होती. मागचा डावा पाय आत वळलेला. मामाने तिच्याकडे तोंड नेलं की ती मान फिरवत होती. पडद्याने तिला ‘क्रमांक सात’ असं नाव दिलं होतं.

जुईने तिला वेगळं नाव दिलं होतं. अध्यक्षा.

आजोबा गेले तेव्हा त्यांची खोली जुईला अभ्यासाला मिळाली. त्यांचं टेबल, त्यांची खुर्ची, आणि खणाच्या अगदी आत आवळासुपारीचे पाच डबे. आजोबांना जेवणानंतर ती लागायची. जुईच्या दातांवर तेव्हा तार होती, आणि डॉक्टरांनी कडक काही चावायला सक्त मनाई केली होती. म्हणून ती चोरून खायची, विरघळेपर्यंत जिभेवर ठेवून. शाळेत तेव्हा तिला कुणी जुई म्हणत नव्हतं. पुढे आलेल्या दातांमुळे ‘उंदरी’ म्हणायचे. ती टेबलाशी बसून एकटीच डबा संपवायची, आणि एके संध्याकाळी टेबलाच्या पायाशी ही लंगडी येऊन बसली. पळाली नाही. जुईने पोळीचा तुकडा, दाण्याचा कूट लावून, दोन बोटांनी खाली धरला. बोटांना आवळ्याचा, आल्याचा, सैंधवाचा वास होता. लंगडीने आधी बोटं हुंगली, मग पोळी घेतली.

त्यानंतर रोज. जुई टेबलावर हात टेकून उभी राहायची आणि खाली बघून सुरू करायची, "सन्माननीय अध्यक्ष महोदया, परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो..." अध्यक्षा पुढचे पाय उचलून ऐकायची. मध्येच उठून गेली तर जुईला कळायचं, की हा परिच्छेद कंटाळवाणा झालाय. वर्षभर तिने एकच श्रोता ठेवून बोलायला शिकून घेतलं. आणि ढाल मिळाल्यापासून, मैत्रिणी मिळाल्यापासून, ती टेबलाशी फारशी बसतच नव्हती. पोळी मात्र सवयीने टाकायची. रोज.

तिच्या पोळीवर वाढलेलं ते बिऱ्हाड आईच्या पिठाच्या पिंपांपर्यंत पोचलं होतं, हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

तिने कुणालाच काही सांगितलं नाही.

*

बुधवारी सकाळी काका आले. पडदा बघून त्यांनी हनुवटी खाजवली.

"बाकीचे अकरा तयार आहेत. मामाच्या तोंडून सांगितलेलं सगळं खातायत. पण ही सात नंबर आणि तिची सहा पोरं, ह्यांचा भरवसा नाही बसलेला. ती खात नाही म्हणून पोरं खात नाहीत." त्यांनी पडद्यावर काहीतरी दाबलं. "थांबा. मामा नुसतं सांगत नाही, हुंगतो पण. हिच्या तोंडाला काय वास आहे ते बघू. हिचा विश्वास कशावर आहे, ते कळेल."

पडद्यावर एक यादी उमटली. काका वाचू लागले. "गव्हाचं पीठ. शेंगदाणा. आवळा. आलं. सैंधव मीठ." ते थांबले. "वहिनी, ही काय भानगड? तुमच्या घरात आवळासुपारी कोण खातं?"

आईच्या हातात लाटणं होतं. ते खाली आलं.

"मामंजी," ती म्हणाली.

बाबा ऑफिसला निघाले होते. कृष्णेची पाणीपातळी मोजण्याच्या कार्यालयात ते काम करत. दिवसभर आकडे लिहिणारा हा माणूस एरवीही मोजकंच बोलायचा. ते दारातच थांबले.

"म्हणजे मामंजी त्यांना खाऊ घालत होते?" आईचा आवाज चढत गेला. "मी पिंपांना विटा लावत बसले, चिंध्या कोंबत बसले, आणि हे वर बसून पोळ्या घालत होते? म्हणून ते नाव काढू नका, नाव काढू नका! मामा ऐकतात म्हणे! मामांना जपायचं होतं यांना!"

"अगं, बाबा असं..." बाबा बोलायला गेले आणि थांबले. मग चपलांकडे बघत म्हणाले, "असेलही. शेवटी शेवटी त्यांना फार एकटं वाटायचं."

तो क्षण जुईचा होता. तोंड उघडायचं, ‘मी’ म्हणायचं. एक अक्षर. जिने साडेतीनशे माणसांसमोर सात मिनिटं न अडखळता भाषण केलं होतं, तिच्या तोंडून ते एक अक्षर बाहेर पडलं नाही.

काकांनी बॅगेतून फॉर्म काढला. "मला कारण लिहावं लागतं. ‘उंदरांना खाद्य देणारी व्यक्ती: हयात किंवा दिवंगत.’ दिवंगत असेल तर काम संपल्यावर दाखला लगेच. हयात असेल तर चाळीस दिवस मामा घरात ठेवून देखरेख. कारण सवय माणसाला असते, उंदराला नाही. तो माणूस घरात आहे तोवर नवे येणार, असं धरतात. तेवढे दिवस खालची खोली बंद."

"चाळीस दिवस!" आई म्हणाली. "हंगामच जाईल. चार बायका घरी बसतील. लिहा, दिवंगत लिहा. गेलेत ते."

काकांनी लगेच लिहिलं नाही. "उंदीर दीड-दोन वर्षं जगतो," ते फॉर्मकडे बघत म्हणाले. "म्हाताऱ्याला जाऊन सव्वा वर्ष झालं म्हणता. तोंडाला एवढा ताजा वास..." मग त्यांनी सहज वर पाहिलं. आईकडे नाही, बाबांकडे नाही. जुईच्या बोटांकडे. जुईने बोटं मुठीत घेतली.

"दिवंगत लिहू ना मग?" काकांनी विचारलं.

आईने मान डोलावली. त्यांनी लिहिलं.

"आता एकच उपाय. मामाच्या श्वासात आवळासुपारी भरायची. घरात एखादा डबा असेल तर बरं, हिला नेमका तोच वास माहीत आहे."

बाबांनी आजोबांचं कपाट उघडलं. धोतरांच्या घड्या, चष्म्याची घरं, जुन्या पंचांगांची चळत, सगळं उलटंपालटं केलं. त्यांची पाठ बघवेना तशी जुई आपल्या खोलीत गेली आणि खणाच्या आतून डबा घेऊन आली. शेवटचा. निम्मा भरलेला.

"हा घ्या. टेबलामागे पडला होता."

एक खोटं आधी न बोलता बोलून झालं होतं. हे दुसरं ती तोंडाने बोलली. आणि तेच सोपं गेलं.

काकांनी डबा हातात घेऊन हलवला. झाकणावर धूळ नव्हती. त्यांना ते दिसलं, हे जुईला दिसलं. ते एवढंच म्हणाले, "संध्याकाळी भरतो."

ती शाळेत गेली तेव्हा आई खालच्या खोलीत शेवयांच्या यंत्रावर चढून भिंतीवरचा फोटो काढत होती.

*

गुरुवारी सकाळी जुईने दात घासले, वेणी घातली, दूध प्यायली, आणि मग दुसरं काहीच करायचं उरलं नाही म्हणून पडदा उघडला.

मामा बिळाच्या तोंडाशी बसला होता. समोर पोळीचे तुकडे होते, दाण्याचा कूट लावलेले. तिनेच लावल्यासारखे. बाकीचे येऊन खाऊन गेले होते. मग कोपऱ्यातून अध्यक्षा आली, एक पाय ओढत. मामाने तोंड पुढे केलं. एरवी ती मान फिरवायची. या वेळी तिने नाक लावलं आणि तशीच राहिली. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. पुढचे दोन पाय उचलून ती मागच्या पायांवर बसली आणि वर बघितलं. मामाच्या खूप वर, जिथे काहीच नव्हतं तिथे. टेबलाशी बसायची तशी.

ती वाट बघत होती. कुणी सुरुवात करतंय का, याची.

कुणी केली नाही. मग तिने पोळी खाल्ली. ती खाते आहे असं पाहून सहाही पिल्लं आली. खाऊन झाल्यावर एकदोघं मामाशी झोंबली, थोडी हसली, मग एकेक करून आईच्या पोटाशी जाऊन निजली. पडद्याच्या कडेला आवाजाची रेघ थरथरत होती. ती हळूहळू सरळ होत गेली आणि मग सरळच राहिली. मामा त्यांच्यात ऊब देत बसून होता. त्याच्या नाकातून अजून आवळासुपारीचा श्वास येत असणार.

जुईने दप्तर उचललं आणि शाळेत गेली. आपण चालत गेलो की बसने, हे तिला नंतर आठवेना.

दुसऱ्या तासाला कुणाचं तरी घड्याळ हसलं. मग आणखी एक, मग तिसरं. ती सहा पिल्लं मनगटामनगटांवर हसत होती. वर्ग खिदळला, महेकने वळून जुईला टाळी मागितली आणि तिचा चेहरा पाहून हात तसाच मागे घेतला.

मधल्या सुट्टीत ऋत्वीने महेकला घेऊन तिला जिन्याखाली गाठलं. "काय झालं ग? काल झालं का ते काम?"

"झालं."

"मग? मेलेच ना? उंदीरच होते."

"मी पोसलेले होते," जुई म्हणाली. हे ती पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होती. "मला सगळे उंदरी म्हणायचे ना, तेव्हा. आणि आता घरात सगळे म्हणतायत की आजोबांनी पोसले. मी बोलले नाही."

महेक ढालीच्या दिवशी जुईला खांद्यावर उचलून नाचली होती. ती आता जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने खरवडू लागली. ‘उंदरी’ म्हणणाऱ्यांत तीही होती, हे तिघींनाही माहीत होतं आणि आजवर कुणीच काढलं नव्हतं.

"सांगून टाक," अखेर महेक म्हणाली.

"आईची खोली चाळीस दिवस बंद पडेल."

"मग नको सांगू," ऋत्वी म्हणाली. "आजोबांना काय फरक पडतो आता?"

जुईने त्यावर खूप विचार केला. इतिहासाच्या तासाला, मराठीच्या तासाला, घरी येताना. आजोबांना फरक पडत नव्हता, हे बरोबर होतं. ‘हयात की दिवंगत’ या रकान्याबद्दल मेलेल्या माणसाचं काहीच म्हणणं नसतं. म्हणून तर त्याच्यावर ढकलणं एवढं सोयीचं. अध्यक्षाही आता काही म्हणणार नव्हती.

काकांचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. त्याला काय बी माहीत नसतं. माहीत आम्हाला असतं.

*

संध्याकाळी पाच वाजता काका मामाला न्यायला आले. पेटीत ठेवताना त्यांनी त्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. एक छोटी बंद पिशवी त्यांनी आधीच गाडीत नेऊन ठेवली होती. तिच्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही.

आईचा राग आता ओसरला होता, आणि त्या जागी काहीतरी अवघडलेलं आलं होतं. चहा देताना ती बाबांशी बोलत नव्हती आणि बाबा तिच्याशी. आजोबांचा फोटो कपाटाच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. सकाळी तो सरळ होता. उलटा कुणी केला, आईने की बाबांनी, ते जुईला कळलं नाही. दोघांपैकी कुणीही केला असता तरी तितकंच वाईट होतं.

काकांनी फॉर्म टेबलावर ठेवला, पेन ठेवलं. "साहेब, इथं सही. मग दाखला लगेच देतो. सही करायच्या आधी शेवटचं वाचून दाखवतो, नियम आहे." त्यांनी चष्मा चढवला. "‘उंदरांना खाद्य देणारी व्यक्ती: दिवंगत.’ बरोबर?"

या वेळीही त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पण वाचून झाल्यावर ते थांबून राहिले, वर्गात उत्तर ठाऊक असलेल्या मुलीसाठी बाई थांबतात तसे.

बाबांनी पेन उचललं.

जुईची जीभ टाळूला चिकटली. अगदी पूर्वीसारखी. सवयीने तिने टेबलाच्या पायाशी पाहिलं. तिथे फरशी होती, नुकतीच पुसलेली. ‘सन्माननीय’ हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिने तो गिळला. हे त्या शब्दाने सुरू करण्यासारखं भाषण नव्हतं.

"बाबा, सही करू नका."

आईने वळून पाहिलं.

"आवळासुपारी मी खात होते. तार असताना, चोरून. पोळी मी टाकत होते, रोज, वर्षभर. ती माझ्या हातून घ्यायची. आजोबांनी एकदाही टाकली नाही. आणि काल तो डबा टेबलामागे नव्हता, माझ्या खणात होता. मी तुम्हाला बोलू दिलं. त्यांच्याबद्दल."

"जुई," आई म्हणाली. "अगं, चाळीस दिवस... तुला कळतंय का?"

"कळतंय." तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "मालनमावशी आणि बाकीच्या तिघींना मी स्वतः जाऊन सांगणार आहे, खोली का बंद आहे ते. तू सांगायचं नाहीस. आणि आई, आपण त्याला औषध म्हणत होतो ना, हळू आवाजात? ते विष होतं. ते त्यांना द्यायलाच हवं होतं, मला माहीत आहे. पण विष होतं, आणि त्याला वास माझ्या हाताचा होता."

बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यांची नजर कपाटाच्या बाजूला गेली आणि तिथेच राहिली.

जुईने फॉर्म आपल्याकडे ओढला आणि काकांपुढे सरकवला.

"काका, ‘दिवंगत’ खोडा. ‘हयात’ लिहा, आणि पुढे माझं नाव लिहा, पूर्ण. मामाला नेऊ नका, चाळीस दिवस तो माझ्या खोलीत राहील. आई, बाबा, मी ठरवलंय. फोटो आज परत वर लावायचा. खिळा मी ठोकणार आहे."